वहाळाचं पाणी बागेला, मासे वहाळातच

प्रश्न : वहाळावर दरवर्षी दगडमातीचा बांध घालून सुपारीच्या बागेला पाट काढतो. पाटातून मासे येऊन आळ्यांत मरतात. सिमेंटचा बांध घालावा का?

उत्तर : सिमेंटचा बांध कृपा करून घालू नका. तुमचा कच्चा बांध पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो, हीच त्याची खरी किंमत आहे. त्याच सुमारास चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात. कायमची भिंत त्यांची वाट अडवते. अहीर तर अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची पिल्लं वहाळातून वर येतात, म्हणजे त्याला दोन्ही वाटा मोकळ्या लागतात.

दुरुस्ती पाटाच्या तोंडाशी करा. तिथे दोन-अडीच मिलिमीटर भोकांची जाळी वहाळाच्या प्रवाहाला जवळजवळ समांतर अशी तिरकी बसवा, म्हणजे मासा आणि पालापाचोळा तिच्या कडेने पुढे सरकतो. जाळी मोठी ठेवा. लहान जाळीतून पाणी जोराने ओढलं जातं आणि पिल्लं तिला चिकटून मरतात. कचरा रोज काढा.

बांधातही एक सखल खाच ठेवा. एप्रिल-मेमध्ये बागेची पाळी लांबली तरी चालेल, पण खालच्या कोंडीत वाहतं पाणी पोचलंच पाहिजे. पावसाळ्यापर्यंत मासे तिथेच तग धरतात.