कोपरा फाटलेले कार्ड

उर्दूत आपण ज्याला खत म्हणतो त्याला मराठीत पत्र म्हणतात. मराठीत खत म्हणजे शेतात घालायचे खत. 'मी भावाला खत पाठवले' असे तुम्ही मराठीच्या पेपरात लिहिले, तर तुमचा भाऊ शेती करतो असेच तपासणाऱ्याला वाटेल! गंमत अशी की हाच शब्द मराठीने कागदाच्या अर्थानेही जपून ठेवला आहे. खरेदीखत, गहाणखत हे शब्द तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी ऐकले असतील.

या धड्यात आपण पत्राविषयी बोलणार आहोत. पत्र म्हणजे लिहिलेला मजकूर, हे तर खरेच. पण एके काळी आपल्या खेड्यापाड्यांत पत्र लिहिले जाई त्याआधी ते कोणीतरी तोंडाने सांगत असे आणि पोहोचल्यावर कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवत असे. पत्रावर काही खुणाही असत. बोलणे, लिहिणे आणि खूण या तिन्ही गोष्टी त्या लहानशा कागदात एकत्र येत.

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. पाव आण्यात देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निरोप जाऊ लागला. कार्डाला लिफाफा नसतो. त्यामुळे त्यावरचा मजकूर वाटेत कोणालाही वाचता येतो. पण ज्याच्या नावाने ते आले, त्यालाच पुष्कळदा ते वाचता येत नसे.

अशा माणसांसाठी एक खूण होती. मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा एक कोपरा फाडून ते टपालात टाकत. पोस्टमनने असे कार्ड हातात दिले की अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा मट्‌कन खाली बसे. कोण गेले ते अजून कळलेले नसे, पण घरातले कोणीतरी गेले एवढे कळून चुकलेले असे. मग वाचणाऱ्याचा शोध सुरू होई. वाचणारा येईपर्यंतचा तो वेळ फार जड जात असेल. मुंबईतला मुलगा, पुण्याची बहीण, सासरची लेक, सगळ्यांचे चेहरे तिच्या डोळ्यांसमोरून जात असतील. असे कार्ड घरात जपून ठेवत नसत. वाचून झाले की ते फाडून टाकत. उलट लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावण्याची चाल हिंदू घरांत आजही आहे. पिवळा-तांबडा कोपरा दिसला की न वाचताच आनंद. म्हणजे कागदावरचे पहिले वाक्य शाईने लिहिलेले नसायचेच.

तारेची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या देशात तारेची पहिली ओळ १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान टाकली गेली. तारेला शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे माणसे शब्द मोजून लिहीत. आजारी आहे, ताबडतोब निघा, एवढ्यातच सगळे आले. खेड्यात तार बहुधा वाईट बातमीचीच येई. म्हणून तारवाला दारात दिसला की रडारड सुरू होई, आणि मग कोणीतरी वाचून सांगे की मुलगा परीक्षेत पास झाला आहे! मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असे. तो वाचणारा माणूस गावात एखादाच. जुलै २०१३ मध्ये ही तारसेवा बंद झाली. 'तार आली' या दोन शब्दांनी पोटात गोळा उठावा, हे तुमच्या पिढीला समजावून सांगावे लागते.

आता पत्र लिहिण्याकडे वळू. मुंबईत मोठ्या टपाल कार्यालयासमोर पत्रलेखक बसत. गिरणीत, गोदीत, हॉटेलांत काम करणारी माणसे सुटीच्या दिवशी त्यांच्यासमोर येऊन उकिडवी बसत आणि पत्र सांगत. पत्रलेखकाला सगळ्या गोष्टी लिहाव्या लागत: पगार, कर्ज, आजार, घरची भांडणे. ऐकलेले मनात ठेवायचे, बाहेर बोलायचे नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. आमच्या मते हा नियम पाळणारी माणसे फार मोठी. आज पत्र सांगायला कोणी येत नाही. त्या जागी पुढे पार्सले शिवण्याची आणि अर्ज भरून देण्याची कामे होऊ लागली.

सांगणारा बोलीत सांगे, लिहिणारा ठरलेल्या भाषेत लिही. मराठी पत्रात 'पत्रास कारण की' आणि 'इकडील सर्व क्षेम आहे' अशी वाक्ये असत. आपल्या उर्दू पत्रात 'बाद सलाम के मालूम हो' आणि 'यहाँ सब खैरियत है' अशी वाक्ये असत. दोन्हीकडे साचा एकच. हा साचा पाहून तुम्हांला हसू येईल. पण त्याचा उपयोग होता. मुंबईत तापाने फणफणलेला माणूसही 'मी येथे खुशाल आहे' असे लिहून घेई. ते खोटे नव्हते, ती रीत होती. गावाकडची आई मात्र ऐकता ऐकता विचारी, "आणखी काय लिहिलंय?" वाचणारा म्हणे, "एवढंच आहे." ती कार्ड हातात घेई, उलटसुलट करून पाही आणि परत देई. अक्षर नेहमीपेक्षा वाकडे आहे का, ओळी कमी आहेत का, एवढे तिला कळत असे. लिहिणारा दुसराच असला तर तेही कळण्याची सोय नसे.

सगळ्यांत अडचण होई ती नवऱ्याला पत्र पाठवणाऱ्या बायकोची. तिला लिहिता येत नसे. पत्र लिहायला शेजारचा शाळकरी मुलगा बसे, आणि त्याच्या पलीकडे सासू बसलेली असे. अशा वेळी ती काय सांगणार? "बकरी व्याली, पाऊस बरा आहे, लहानग्याला दात आले." मनातली गोष्ट मनातच राही. पलीकडेही तेच. नवऱ्याच्या खोलीत आठदहा माणसे राहत. पत्र मोठ्याने वाचले जाई. दोघांच्या मध्ये लिहिणारा एक आणि वाचणारा एक, असे दोन परके उभे असत. असे किती संसार वर्षानुवर्षे केवळ पावसाच्या आणि बकरीच्या बातम्यांवर चालले असतील! आपल्या शाळेतील मुलींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, असे मला वाटते.

ज्यांना स्वतःच्या हाताने लिहिता येई, त्यांनी पत्राचा साचा मोडूनही दाखवला. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या उर्दूतच आहे. मिर्झा गालिब (१७९७–१८६९) यांची गझल तुम्ही उर्दूच्या तासाला शिकता. त्यांची पत्रेही तितकीच नावाजलेली आहेत. त्या काळी पत्राच्या आरंभी अलकाब आणि आदाब यांच्या लांबलचक ओळी लिहीत. गालिब यांनी त्या गाळून टाकल्या. समोर माणूस बसला आहे आणि आपण त्याच्याशी बोलतो आहोत, अशा थाटात ते लिहू लागले. पत्रव्यवहाराचे आपण संभाषण करून टाकले, असे त्यांनी स्वतःच एका पत्रात म्हटले आहे. १८५७ च्या उठावानंतर दिल्ली उजाड झाली. मित्र मारले गेले, काही परागंदा झाले, म्हणजे देशोधडीला लागले. गालिब दिल्लीतच राहिले. ज्या मैफलीत बसून बोलायचे ती मैफलच उरली नव्हती. मुन्शी हरगोपाल तफ्ता, मीर मेहदी मजरूह अशा शिष्यांना लिहिलेल्या पत्रांत ते ती मैफल पुन्हा भरवत. त्यांच्या पत्रांचा 'ऊद-ए-हिंदी' हा संग्रह १८६८ साली, म्हणजे त्यांच्या हयातीतच प्रसिद्ध झाला. बोलल्यासारखे लिहिणे सोपे वाटते. तुम्ही एकदा करून पाहा, म्हणजे कळेल.

कोकणातल्या घरांनी एक तिसरी वाटही पाहिली. १९७० नंतर रत्नागिरी-रायगडकडचे पुष्कळ लोक कामासाठी दुबई, कुवेत, सौदी अरेबियात गेले. फोन महाग होता, पत्र पोहोचायला बरेच दिवस लागत. मग कॅसेट सुरू झाली. टेपरेकॉर्डरपुढे बसायचे, बोलायचे आणि कोणी जाणारा असेल त्याच्याबरोबर कॅसेट पाठवून द्यायची. आरंभी सगळे ताठ बसत आणि पत्राचाच मजकूर बोलून दाखवत. "अस्सलामु अलैकुम. आम्ही येथे सर्व खुशाल आहोत." पुढे यंत्र चालू आहे याचा विसर पडे. मग कोणी कोणाला रागावे, पोर रडे, कोंबड्या ओरडत, कौलांवर पाऊस वाजे, लांबून मशिदीची अजान ऐकू येई. वाळवंटातल्या खोलीत तो मुलगा नेमका हाच भाग पुन्हा पुन्हा लावून ऐके. आणि आईचा खोकला. खोकला काही कोणी पत्रात लिहून पाठवत नाही. "मी बरी आहे, काळजी करू नको," असे आई सांगत असे आणि मध्येच तिला खोकल्याची उबळ येई. शब्द एक सांगत, आवाज दुसरेच सांगे. मुलगा आवाजावर विश्वास ठेवी.

आतापर्यंतच्या खुणा आणि आवाज मायेचे होते. पण खूण नेहमी मायेचीच असते असे नाही. शेतमालाच्या बाजारात पूर्वी हत्ता नावाची पद्धत होती. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचे हात धरत, त्यांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. तोंडातून अक्षर निघत नसे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा. पण खरेदीदाराने किती भाव दिला ते त्याला दिसत नसे आणि ऐकूही येत नसे. दलाल जो आकडा सांगेल तो खरा मानायचा! म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला. महाराष्ट्राचा असा कायदा १९६३ चा आहे. लिलावात भाव मोठ्याने पुकारावा लागतो. बोलणे आणि न बोलणे यांत एका शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा फरक पडू शकतो. गुरांच्या बाजारात रुमालाखालचा सौदा मात्र त्यानंतरही चालत राहिला.

जाता जाता एक सांगतो. हातांच्या खुणा म्हणजे अर्धवट भाषा, असा समज करून घेऊ नका. कर्णबधिर माणसे जी सांकेतिक भाषा वापरतात तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासासाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली, आणि तिने २०१८ साली ३,००० शब्दांचा पहिला कोश काढला. टेलिफोन निघून शंभर वर्षे झाली तरी या मंडळींना त्याचा काही उपयोग नव्हता. चित्र दाखवणारा फोन आला तेव्हा कुठे त्यांना दूरच्या माणसाशी आपल्या भाषेत बोलता आले.

मोबाइल आला आणि मधले परके बाजूला झाले. सुरुवातीला एका मिनिटाला बरेच पैसे पडत, तेव्हा आपल्या लोकांनी मिस्ड कॉल शोधून काढला. दोनदा घंटी वाजवून बंद केली की 'सुखरूप पोहोचलो'. ना शब्द, ना अक्षर, ना पैसा! आता आवाजाचा निरोप बोटाच्या एका दाबाने जातो. लिहिता न येणारी आजी स्वतःच निरोप पाठवते आणि स्वतःच ऐकते. शेजारच्या मुलाची गरज उरली नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

पण अक्षराची गरज संपली असेही नाही. बँकेचा अर्ज, रेशनकार्डावरचे नाव, जमिनीचा सातबारा या गोष्टी आवाजाने होत नाहीत. आपल्या राज्यात सातबारा मराठीत असतो. नाव चुकले आहे का, हिस्सा बरोबर लागला आहे का, हे घरात कोणालातरी वाचून सांगावे लागते. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी हे काम बहुधा मुलांवरच येते. त्या वेळी तुम्ही मधले वाचणारे असता. आजी विचारते, "आणखी काय लिहिलंय?" आणि तुम्ही "एवढंच आहे" म्हणून कागद घडी करून ठेवता. तसे न करता शेवटची ओळसुद्धा तिला वाचून दाखवा आणि नाव कुठे आहे तिथे तिचे बोट ठेवा.

आमच्या ओळखीच्या एक दादी आहेत. त्यांनी आयुष्यात पत्र लिहिले नाही, पण पुष्कळ पत्रे सांगितली. आता त्या मस्कतच्या नातवाला रोज मोबाइलवर आवाजाचा निरोप पाठवतात. फोन तोंडाजवळ धरतात आणि पहिले वाक्य असते, "बाद सलाम के मालूम हो". नातू हसतो. मग दादी विचारतात, "जेवलास का?" आणि बटण सोडायला विसरतात, पुढे कितीतरी वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहतो.