सालवार वाइनची पारख : एका इटालियन घराण्याचा धडा

आपल्याकडे सरलेल्या सालाची नोंद पाहणीपत्रकात व आणेवारीच्या एका आकड्यात राहते. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात असली पत्रके पुष्कळ वर्षे लिहिली. त्यांवरून पीक किती आले हे समजे; ते कसे उतरले, हे मात्र कोणत्याही रकान्यात नसे. इटली देशातील द्राक्षबागाईतदारांपाशी या दुसऱ्या गोष्टीची नोंद ठेवण्याचे एक साधन आहे. ते म्हणजे सालवार बाटल्यांत भरून ठेवलेली वाइन. एकाच घराण्याची, एकाच जमिनीतील, निरनिराळ्या सालांची वाइन शेजारी शेजारी मांडून चाखिली असता जमीन, साल आणि कर्ता हात यांपैकी कोणाचा गुण कोणता, हे निवडून काढिता येते. ती रीत समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे. मद्यपानाची भलामण करणे हा नव्हे. परीक्षक वाइन गिळीत नाहीत, तोंडात घोळवून थुंकून टाकितात, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

घराणे व जमीन

उदाहरणादाखल व्हिएत्ती या घराण्याच्या वाइन घेऊ. वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात, अल्बा शहराच्या दक्षिणेस, लांगे नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. त्यातील कास्तिल्योने फाल्लेत्तो गावी या घराण्याचे तळघर आहे. मारिओ व्हिएत्ती यांनी १९१९ साली घराण्याच्या नावाने वाइन बाटल्यांत भरण्यास आरंभ केला. पुढे त्यांचे जावई आल्फ्रेदो कुर्रादो यांनी दोन गोष्टी केल्या, त्या आपण ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट १९६१ सालची. बारोलो ही तांबडी वाइन केवळ नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांची करितात. निरनिराळ्या टेकड्यांवरील द्राक्षे एकत्र मिसळण्याचा तेथे जुना प्रघात होता. आल्फ्रेदो यांनी रोक्के या एकाच तुकड्याची द्राक्षे वेगळी ठेवून त्याच नावाने बाटली भरिली. असे करणाऱ्या पहिल्या थोड्या लोकांत त्यांची गणना होते.

दुसरी गोष्ट १९६७ सालची. तानारो नदीपलीकडे रोएरोच्या वाळूसर टेकड्यांत आर्नेइस नावाची पांढरी द्राक्षजात होती. किंमती नेब्बिओलोच्या वेलींत तिचे वेल अधूनमधून लावीत. ती आधी पिके, पाखरे तिच्यावर पडत व मुख्य पीक वाचे. अशी ही पाखरांसाठी सोडलेली जात नामशेष होण्याच्या बेतात असता आल्फ्रेदो यांनी तिची स्वतंत्र पांढरी वाइन केली. आसपासच्या बागांतील थोडी थोडी द्राक्षे मिळावीत म्हणून त्यांनी गावच्या धर्मगुरूंकरवी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी लोकांस निरोप दिला, असे सांगतात. आज आर्नेइस ही त्या मुलखातील मानाची पांढरी वाइन आहे.

चाखण्याची रीत

पाच-सहा साले पुरेत. त्याहून अधिक घेतल्यास जीभ थकते. पांढरी आधी व तांबडी मागून चाखावी. पांढरी थंड असावी, तांबडी सोळा ते अठरा अंश सेंटिग्रेडपर्यंत असावी. जुन्या तांबड्या वाइनच्या तळाशी साका बसतो, म्हणून बाटली एक दिवस आधी उभी करून ठेवितात. बाटल्यांस कापड गुंडाळून केवळ क्रमांक घालावेत, म्हणजे नावाचा दबाव पडत नाही. प्याला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावा, मग वास घ्यावा, मग घोट. मधून मधून पाणी व साधा पाव घ्यावा. रंग, वास, आंबटपणा, तुरटपणा आणि घोट गेल्यावर चव किती वेळ टिकते, हे पाच रकाने प्रत्येकाने न बोलता भरावेत. चर्चा मागाहून करावी.

नेब्बिओलोचा रंग मुळातच फिका असतो व वयाबरोबर विटकरी होतो. त्यास गुलाबाचा व काहीसा डांबराचा वास येतो, आणि तरुणपणी तुरटपणा हिरड्या आवळून धरितो. हा दोष नव्हे. तोच तुरटपणा पुढे मवाळ होऊन वाइन दीर्घकाळ टिकविण्यास साहाय्य करितो. म्हणूनच बारोलो अडतीस महिने, त्यांपैकी निदान अठरा महिने लाकडी पिंपांत, मुरविल्यावाचून विकण्यास तेथील कायद्याने मनाई आहे. आर्नेइसची गोष्ट उलट. ती पांढऱ्या फुलांच्या व नासपतीच्या वासाची, सौम्य आंबट, बहुधा एक-दोन वर्षांत पिऊन टाकण्याची. पांढरी वाइन सालाची खबर लगेच देते, तांबडी तीच खबर सावकाश व सविस्तर सांगते.

सालांची तुलना

नेब्बिओलोस लवकर अंकुर फुटतो व तिचे घड उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकतात. त्यामुळे वसंतातील हिमापासून शरदातील पावसापर्यंत सर्व संकटे तिच्या वाट्यास येतात. २००२ साली उन्हाळा पावसाळी गेला व सप्टेंबरात बारोलोच्या काही भागास गारपिटीने झोडपले. कित्येकांनी त्या साली आपली उत्तम प्रतीची बाटली भरलीच नाही. लगेच २००३ साली युरोपभर प्रखर उष्णता पडली. अशा साली साखर झपाट्याने वाढते, आंबटपणा घटतो, पण साल व बी यांतील तुरटपणा त्या वेगाने पिकत नाही. म्हणून वाइन जड व शेवटी कोरडी लागते. २०१४ साल थंड व पावसाचे होते. पावसाने मणी फुगतात, रस पातळ होतो व घट्ट घडांत कूज शिरते. २०१६ साली हंगाम लांबला, रात्री थंड राहिल्या आणि घड सावकाश पिकले. ते साल उत्तम गणले जाते. २०१७ साल पुन्हा उष्ण व कोरडे.

परंतु येथेच खरी परीक्षा आहे. २०१४ सारख्या साली ज्याने जादा घड वेळीच उतरविले व कुजके मणी निवडून टाकिले, त्याची वाइन हलकी असली तरी स्वच्छ लागते. साल वाईट असणे व काम वाईट असणे हे भिन्न होत. त्याचप्रमाणे एका बाटलीस ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो बुचाचा दोष समजून दुसरी बाटली फोडावी. एका बांधावरील रोगावरून साऱ्या गावची आणेवारी लावू नये, तसेच हे आहे.

या घराण्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा राहतो. २०१६ साली ही मिळकत अमेरिकेतील क्राउझ कुटुंबाने विकत घेतली. आल्फ्रेदो यांचे पुत्र लुका हे काही वर्षे काम पाहत राहिले आणि २०२३ साली वेगळे झाले. जमीन तीच, वेल तेच, हात बदलला. त्याचा परिणाम झाला की नाही, झाला तर कोणता, हे तर्काने सांगता येणार नाही. अलीकडच्या व पलीकडच्या सालांच्या बाटल्या झाकून शेजारी ठेवाव्या लागतील. कागदोपत्री हस्तांतर एका दिवसात होते. जमिनीवरील हस्तांतर कळण्यास काही साले जावी लागतात.

आपणास बोध

नाशिक व सांगलीकडील आपले कित्येक बंधू वाइनची द्राक्षे कारखान्यास देतात. माल वजन व गोडी पाहून घेतला जातो, इतरांच्या मालात मिसळतो, आणि तेथे त्याचे नाव संपते. नाव संपले की चांगल्या जमिनीचा व जादा कष्टाचा मोबदलाही संपतो. नावावाचूनच्या मालाचा दुसरा धोका इटलीने १९८६ साली पाहिला. स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसाहून अधिक माणसे दगावली आणि थोड्यांच्या पापाने साऱ्या देशाच्या मालावरील विश्वास डळमळला.

यास्तव प्रत्येक बागाईतदाराने गटवार वही ठेवावी. तीत छाटणीची तारीख, फुलोरा, पावसाच्या तारखा, उतरविलेले घड, तोडणीची तारीख व त्या दिवशीची गोडी लिहावी. तोडणीच्या दिवशी घरच्या दोघा-तिघांनी मणी चाखून साल, बी व रस यांविषयी प्रत्येकी एक ओळ लिहावी. आपल्या गटाची द्राक्षे वेगळी आंबविण्यास कारखाना कबूल असेल, तर त्या सालच्या दोन बाटल्या मागून घ्याव्यात व तारीख घालून ठेवाव्यात. ज्यांचा गूळ आहे त्यांनी प्रत्येक गटाची एक ढेप वेगळी काढून हाच क्रम ठेवावा. पाच वर्षांनी ही वही उघडली म्हणजे कोणत्या साली दैवाने मारिले व कोणत्या साली आपल्याच हाताने, हे आपल्याच अक्षरात वाचावयास मिळेल. पुढील साली कोठे सुधारावयाचे, हे सांगण्यास मग दुसरा कोणी लागणार नाही.