पुढचा कोच कोण? कामठीच्या टपरीवरचा प्रश्न

प्रश्न : मी कामठीचा. रविवारी सकाळचा खेळ आटोपला की आमची टोळी चहाच्या टपरीवर बसते आणि एकच वाद रंगतो : पुढचा कोच कोण? मागे लिव्हरपूलचा कोच जाणार म्हणून दोन महिने भांडलो, मग भारताच्या टीमसाठी भांडलो. परवा एक दोस्त वैतागून म्हणाला, "काहून डोकं फोडून राह्यले बे? ते काय तुले विचारून कोच ठेवणार हायेत?" तेव्हापासून मनात आहे. चाहत्यांच्या या वादाला खरंच काही अर्थ असतो का? आणि कोच निवडतात तरी कसा?
– एक वाचक, कामठी

उत्तर : तुमच्या दोस्ताचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोच निवडताना टपरीला कोणी विचारत नाही. पण टपरीवर घेतलेली नावं आणि प्रत्यक्षात आलेली नावं शेजारी ठेवून पाहिली, तर निवड कशी होते हे चांगलं कळतं. म्हणून तुम्ही सांगितलेल्या दोन्ही वादांकडे पुन्हा एकदा पाहू.

आधी लिव्हरपूल. युर्गेन क्लॉप यांनी 26 जानेवारी 2024 रोजी हंगाम संपताच जाणार असल्याचं जाहीर केलं. त्या दिवसापासून बहुतेक चाहत्यांच्या तोंडी झाबी अलोन्सो हे एकच नाव होतं. ते लिव्हरपूलचे जुने खेळाडू, आणि त्या वर्षी त्यांचा बायर लेव्हरकुसेन जर्मनीत एकही सामना न हरता लीग जिंकायला निघालेला. मार्चअखेर अलोन्सोंनी लेव्हरकुसेनमध्येच राहणार असल्याचं सांगितलं आणि वाद तिथेच संपला. आले आर्ने स्लॉट, ज्यांचं नाव टपरीवर फारसं कोणी घेतलं नव्हतं. पहिल्याच हंगामात, 2024-25 मध्ये, त्यांनी लिव्हरपूलला लीग जिंकून दिली. चाहत्यांची पारख चुकली असं मी म्हणणार नाही. अलोन्सो उत्तमच होते, पण मोकळे नव्हते. आपण कोण चांगला हे पाहतो. क्लबला जो चांगला आहे, मोकळा आहे, परवडणारा आहे आणि हाताशी असलेल्या खेळाडूंना घेऊन काम करू शकेल, असा माणूस शोधावा लागतो. या चार चाळण्यांतून गेल्यावर यादीत फार नावं उरत नाहीत.

आता भारताकडे वळू. 2024 च्या जूनमध्ये इगोर स्टिमाक यांना काढलं आणि मानोलो मार्केझ आले. त्यातला बहुतेक काळ ते एफसी गोवाही सांभाळत होते, म्हणजे एकाच माणसाकडे क्लब आणि देश. आठ सामन्यांत एक विजय मिळाला, तो मालदीवविरुद्ध. जून 2025 मध्ये हाँगकाँगकडून हरल्यावर जुलैच्या सुरुवातीला तेही गेले. त्या जागेसाठी महासंघाकडे 170 अर्ज आले. त्यांत बार्सिलोनाच्या झावींचं आणि पेप ग्वार्डिओलांचंही नाव होतं. त्या नावांचे ईमेल खरे नव्हते हे नंतर महासंघानंच सांगितलं, पण तेवढ्या दिवसांत देशभर झावी की दुसरा कोणी, असे वाद झाले. तुमच्याही टपरीवर झाले असतील. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. इतक्या मोठ्या माणसाला आपल्याकडे यावंसं वाटतं, ही कल्पना आपल्याला हवीहवीशी वाटली, एवढाच त्याचा अर्थ.

आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक समितीनं शेवटी तीन नावं काढली. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी पूर्वी दोनदा हा संघ सांभाळला होता आणि त्यांच्याच काळात भारत 2019 च्या आशिया चषकात खेळला. श्तेफान तारकोविच यांनी स्लोव्हाकियाचा संघ युरो स्पर्धेत नेला होता. तिसरे खालिद जमील. 1 ऑगस्ट 2025 रोजी खालिद यांची निवड झाली. गोव्याचे सावियो मेदेरा 2011-12 मध्ये प्रशिक्षक होते. त्यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय संघाला पुन्हा भारतीय प्रशिक्षक मिळाला.

खालिद यांच्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या वाटचालीत सापडतं. जन्म कुवेतचा, पण माणूस आपल्या मुंबईचा. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि देशाच्या संघातून मधल्या फळीत खेळले, पुढे दुखापतींनी खेळ थांबवला. 2009 मध्ये मुंबई एफसीनं त्यांना प्रशिक्षक केलं आणि सात वर्षं ठेवलं. क्लब लहान, पैसा बेताचा. मैदानावर बचावाला घट्ट बसणारा खेळ, जो पाहायला अनेकांना आवडत नसे. पण त्या सात वर्षांत संघ एकदाही खालच्या श्रेणीत गेला नाही. 2016 मध्ये क्लब आणि ते वेगळे झाले आणि खालिद मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. आदल्याच हंगामात आयझॉलचा संघ खाली घसरला होता आणि नंतर लीगमध्ये परत घेतला गेला होता. त्याच संघाला घेऊन 30 एप्रिल 2017 रोजी खालिद यांनी आय-लीग जिंकली. मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारखे जुने, श्रीमंत क्लब मागे राहिले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरली आणि पुढे तो क्लबच उरला नाही.

सात वर्षं संघ सांभाळणारा माणूस गेला की काय होतं, हे दुसरीकडे शोधायला नको. कोच बदलताना आपण नवा कोण एवढंच विचारतो. जुना नेमकं काय सांभाळून होता, हेही विचारायला हवं.

बदल कधी कधी साधतोही. एफसी गोवानं 2020 च्या जानेवारीअखेर, संघ गुणतक्त्यात वर असताना, सर्जिओ लोबेरांना काढलं तेव्हा चाहते चक्रावले. उरलेले सामने गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडांनी सांभाळले. फेब्रुवारीत जमशेदपूरला पाच गोलांनी हरवून गोव्यानं लीग शील्ड मिळवली आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब झाला. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले आणि 2020-21 मध्ये तिथे शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. म्हणजे काढलेला माणूसही खरा निघाला आणि बसवलेलाही. अशा वेळी टपरीवरच्या कोणालाच चूक ठरवता येत नाही.

मिरांडा मात्र तरीही अनेक वर्षं 'तात्पुरते' राहिले. 2023 मध्ये ओडिशा एफसीलाही त्यांनी तात्पुरता कोच म्हणूनच सुपर कप जिंकून दिला. आपल्या माणसाला आपण पुन्हा पुन्हा तात्पुरतं का ठेवतो, याचा चाहत्यांनी राग धरायला हवा, असं मला मनापासून वाटतं. बाहेरचे वाईट असं मी म्हणत नाही. मुंबई सिटीनं 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला, तो डेस बकिंगहॅम या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली. पण परदेशी माणूस हरला तर त्याला दुसरा क्लब मिळतो आणि देशी हरला तर तो मागे पडतो, हे बरोबर नाही.

खालिद आल्यावर काय झालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवलं. मध्य आशियाच्या ज्या स्पर्धेतला हा सामना होता, तिच्यात क्रमवारीत बराच वर असलेल्या ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक घेतला. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, आपलाच माणूस हवा होता. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून 1-2 असे हरलो, आशिया चषकाची वाट बंद झाली आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून बावीस वर्षांनी पराभव झाला. मग तीच माणसं म्हणाली, बाहेरचाच आणायला हवा होता. माणूस तोच होता. त्याच्या पहिल्या सराव शिबिराला मोहन बागाननं खेळाडू सोडले नव्हते आणि देशाची मुख्य लीग कधी सुरू होणार हेच ठरलेलं नव्हतं. सामन्यांचा सराव नसलेले खेळाडू घेऊन कोणता कोच काय करील, हा प्रश्न त्या दिवसांत फार थोड्यांनी विचारला.

आता मूळ प्रश्नावर येतो. तुमच्या वादाला अर्थ आहे. ज्या गावात कोचवरून भांडण होतं, त्या गावात खेळ जिवंत असतो. कामठीत तो आहे. छावणीचं गाव, रब्बानी क्लबसारखे जुने संघ, आणि नागपूर जिल्ह्याच्या लीगमध्ये राहुल क्लब, यंग मुस्लिम किंवा रेल्वेच्या संघाशी सामना असला की मैदानाच्या कडेनं उभी राहणारी माणसं. या माणसांना खेळ कळतो. माझं एवढंच मागणं आहे की पुढच्या वेळी वाद घालताना नावासोबत आणखी तीन गोष्टी विचारा : त्याला किती दिवस मिळणार, खेळाडू कोण निवडणार आणि हरल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? सर ॲलेक्स फर्ग्युसन 1986 च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिला करंडक त्यांना 1990 मध्ये मिळाला. त्यांनी स्वतः सुचवलेले डेव्हिड मॉइज दहा महिनेही टिकले नाहीत. नाव सुचवणारा फर्ग्युसनसारखा असला तरी अंदाज चुकतो. मग टपरीवरचा चुकला तर काय बिघडलं?

प्रश्न : मी नागपुरात कॉलेजात शिकते, फुटबॉल खेळते. मुलगी कोच होऊ शकते का? त्यासाठी नेमकं काय करावं लागतं?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : होऊ शकते. गोव्याच्या मेमोल रॉकी 2017 ते 2021 या काळात भारताच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या.

वाट पायऱ्यापायऱ्यांची आहे. सुरुवात महासंघाच्या 'डी' लायसन्सपासून करा. हा काही दिवसांचा अभ्यासवर्ग असतो, वर्गात आणि मैदानावर दोन्हीकडे, शेवटी परीक्षा. महाराष्ट्रात हे वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, घेते. नागपूर जिल्हा संघटनेकडे चौकशी केलीत तर तारखा कळतील. त्यापुढे आशियाई महासंघाच्या 'सी', 'बी', 'ए' आणि सर्वांत वर 'प्रो' अशा पायऱ्या आहेत. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघ शिकवावा लागतो, नुसत्या परीक्षा देऊन वर जाता येत नाही. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर 'प्रो' किंवा त्या तोडीचं लायसन्स लागतं. वर पोहोचायला बरीच वर्षं लागतात आणि खर्चही होतो, म्हणून सुरुवात लवकर करा.

तुमच्या शहरात एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये पावसात, चिखलात मोडकी बादली लाथाडत खेळणारी मुलं पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 2016 मध्ये या कामाला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि 2022 मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मुळे ते घराघरांत पोहोचलं. मला मात्र त्यातली आणखी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. या मैदानांवर खेळून मोठी झालेली मुलं-मुली तिथेच धाकट्यांना शिकवू लागली. नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल 2010 मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार होता. पुढे तोही प्रशिक्षक झाला.

भारताला 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकावर आणि 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकापर्यंत नेणारे सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. तेही मुळात शाळेतले शिक्षक. जकार्ताच्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंग या बचावपटूला त्यांनी थेट पुढच्या फळीत खेळवलं आणि त्यानं गोल केला. आपल्या खेळाडूला इतकं ओळखणं परक्या शहरातून आलेल्या माणसाला एका महिन्यात जमत नाही. शिकवणाऱ्याला जमतं. तुम्ही शिकवायला सुरुवात करा. वस्तीतल्या दहा-बारा मुली आणि एक चेंडू एवढंही आधी पुरतं.

वाचकांना विनंती : तुम्हाला पहिल्यांदा चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं मारायला कोणी शिकवलं, कोणत्या मैदानावर, कोणत्या वर्षी? कामठी, मोहननगर, मोतीबाग, कुठलंही मैदान चालेल. त्या सरांचं किंवा बाईंचं नाव आणि चार ओळी आम्हाला लिहून पाठवा. त्यांची परवानगी घेऊन पुढच्या अंकात छापू.