गाडीवर दंड किती? हिशेब स्वतः काढा

भिवंडी, मालेगाव किंवा कुर्ल्यातील आपल्या व्यापारी बांधवांचा बराचसा माल टेम्पोने, रिक्षाने आणि दुचाकीने फिरतो. पूर्वी हवालदार गाडी अडवून पावती फाडीत असे, त्यामुळे दंड झाल्याचे चालकाला जागीच कळे. मुंबईत २०१६ पासून ई-चलान सुरू झाले व पुढे ते राज्यभर पसरले. आता कॅमेरा फोटो काढतो आणि दंड गाडीच्या नंबरावर चढतो. संदेश जातो तो नोंदणीत असलेल्या मोबाईलवर. तो नंबर जुना असेल, तर मालकाला पत्ताही लागत नाही आणि देणे साचत जाते.

रक्कम पाहण्याची रीत सोपी आहे. आर.सी. बुक जवळ घ्यावे. महाराष्ट्र पोलिसांच्या 'महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे भरावेत. गाडी परराज्यात जात असेल, तर केंद्र सरकारचे 'ईचलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन' हेही पाहावे.

यादी समोर आली की नुसती बेरीज बघून थांबू नये. प्रत्येक चलानाची तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि फोटो तपासावा. फोटोत दुसरीच गाडी असेल, तर पैसे न भरता तक्रार नोंदवावी. बनावट नंबरप्लेटचा संशय आल्यास पोलिसांत लेखी अर्ज द्यावा.

रक्कम कशी वाढते तेही समजून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे दर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. किरकोळ नियमभंगाला, म्हणजे कलम १७७ खाली, पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये दंड आहे. विमा नसल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये. समजा, एका टेम्पोवर कलम १७७ ची तीन चलाने आणि विम्याचे एक आहे. तर ५०० + १,५०० + १,५०० + २,००० असे ५,५०० रुपये देणे झाले. दारू पिऊन गाडी चालवण्यासारख्या गुन्ह्यात मात्र रक्कम कोर्ट ठरवते.

जुना टेम्पो घेताना हा हिशेब सौद्याआधीच करावा. दंड गाडीच्या नंबराशी जोडलेला असल्याने नावावर करताना अडचण येऊ शकते. विकणाऱ्याने भरून पावती द्यावी, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून आपण त्याच दिवशी भरावी. तोंडी वायद्यावर राहू नये.

दुसरी गोष्ट चालकाच्या पगाराची. महिनाअखेर एकदम दंड कापल्यास गरीब माणसाच्या घरातली चूल अडते. म्हणून दर आठवड्याला यादी पाहावी. सिग्नल तोडला तो चालकाने, पण विमा संपला तो मालकाच्या हयगयीने. दोन्हींचा भार एकाच्या डोक्यावर टाकणे न्यायाचे नाही. त्या दिवशी गाडी कोणाकडे होती याची वहीत नोंद ठेवावी. पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देणे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्यच आहे.

शेवटी सावधगिरीची सूचना. चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर 'एपीके' फाईल आली, तर ती उघडू नये. तिच्यामुळे बँकेतील पैसे जाऊ शकतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते पाहूनच पैसे भरावेत आणि पावती जपून ठेवावी. लोक अदालतीत काही चलानांचा निकाल सवलतीने लागतो, पण त्या आशेवर देणे वाढू देऊ नये. दुकानाची उधारी आपण रोज तपासतो. गाडीची उधारीही त्याच वहीत एका पानावर असावी, असे आम्हाला वाटते.