समुद्रातले उघडझाप करणारे दिवे

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने मांडव्याला किंवा घारापुरीला जाताना पाण्यावर डुलणारे लाल-हिरवे लोखंडी पिंप तुम्ही कधी पाहिले आहे का? तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत, ज्यांचे वडील किंवा चाचा मासेमारीला जातात, त्यांना हे सांगायला नको. याला बोया म्हणतात. बोया पाण्यावर तरंगतो, पण वाहून जात नाही. कारण जाड साखळीने तो समुद्राच्या तळाशी टाकलेल्या वजनाला बांधलेला असतो. जहाजाला उभे करण्यासाठी जसा नांगर टाकतात, तसेच हे. (उर्दूत आपण ‘लंगर’ म्हणतो. मराठीत शेतकऱ्याचाही नांगर आणि खलाशाचाही नांगरच!)

पुष्कळ बोयांच्या डोक्यावर एक दिवा असतो. अंधार पडला की तो आपोआप लागतो, उघडझाप करतो आणि सकाळी आपोआप विझतो. तिथे ना माणूस राहतो, ना विजेची तार जाते. मग हा दिवा कोण लावतो?

आज याचे उत्तर सोपे आहे. दिवसा सौरपट्टी बॅटरी भरते, रात्री त्या बॅटरीवर दिवा चालतो. पण सौरपट्ट्या येण्याच्या कितीतरी आधी, 1900 च्या सुमारास, हा प्रश्न फार कठीण होता. त्याचे उत्तर स्वीडन देशातल्या एका इंजिनिअरने शोधले. त्याचे नाव गुस्ताफ डालेन.

डालेन यांचा जन्म 1869 मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. घरी गाई होत्या, दुधाचा व्यवसाय होता. दुधात स्निग्धांश किती आहे हे मोजणारे एक यंत्र या तरुणाने तयार केले आणि ते घेऊन तो गुस्ताफ द लाव्हाल या प्रसिद्ध संशोधकाकडे गेला. लाव्हाल यांनी त्याला सल्ला दिला, की आधी रीतसर शिक्षण घे. डालेनने तो मानला आणि 1896 मध्ये तो इंजिनिअर झाला.

आता स्वीडनचा नकाशा उघडा. तिथला किनारा हजारो लहान लहान बेटांनी आणि खडकांनी भरलेला आहे. हिवाळ्यात रात्र फार लांब असते. अशा समुद्रात दिवा नसेल, तर जहाज खडकावर आपटून फुटणार. प्रत्येक खडकावर दीपगृह बांधून माणूस ठेवणे शक्य नव्हते आणि बोयावर तर माणूस राहूच शकत नाही. गॅसवर जळणारे बोये होते. पण त्यांतला गॅस लवकर संपे आणि वादळी पाण्यात होडी घालून तो पुन्हा भरावा लागे.

त्या काळी ॲसिटिलीन नावाचा नवा गॅस मिळू लागला होता. कार्बाईडच्या खड्यांवर पाणी टाकले की हा गॅस निघतो. त्याची ज्योत पांढरीशुभ्र आणि अतिशय तेजस्वी असते. पण हा गॅस मोठा तापट! दाबून नळकांड्यात भरला, तर नुसत्या धक्क्यानेही त्याचा स्फोट होऊ शकतो. ॲसिटोन या द्रवात विरघळवला आणि तो द्रव सच्छिद्र पदार्थात जिरवला, की गॅस शांत राहतो, एवढे माहीत झाले होते. अडचण अशी, की धक्के बसून त्या सच्छिद्र पदार्थाला भेगा पडत आणि भेगांत गॅस साठून पुन्हा धोका निर्माण होई. डालेन यांनी 1906 मध्ये असा पदार्थ तयार केला, की जो नळकांड्यात गच्च बसे आणि धक्क्यांनी तडकत नसे. आता नळकांडे बोयात ठेवता येऊ लागले.

पुढचा प्रश्न होता काटकसरीचा. डालेन यांचे उघडझाप यंत्र असे चाले: गॅस हळूहळू एका लहान डबीत भरतो. डबीला लवचीक पडदा असतो. दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि झडप उघडते. डबीतला गॅस झपकन ज्योतीकडे जातो. तिथे एक अगदी बारीक ज्योत सतत जळत असते, तिच्यामुळे हा गॅस भडकतो आणि लख्ख प्रकाश पडतो. डबी रिकामी झाली, की स्प्रिंग पडद्याला खाली ओढते, झडप बंद होते आणि पुन्हा गॅस भरू लागतो. घड्याळ नाही, वीज नाही. गॅसच्या दाबावरच सगळे चालते.

यात बचत किती होते, ते तुम्हीच पाहा. समजा, दिवा दर 3 सेकंदांत फक्त 0.3 सेकंद पेटतो. मग एका तासात तो किती वेळ जळेल? फक्त 6 मिनिटे! बारीक ज्योतीचा थोडा खर्च सोडला, तर नऊ-दशांश गॅस वाचला. शिवाय उघडझापीची लय बदलता येत असल्यामुळे एका दिव्याची दुसऱ्याशी गल्लत होत नसे. मला तर हा फायदा बचतीपेक्षाही मोठा वाटतो.

तरीही दिवसा दिवा चालू राहून गॅस वाया जाई. म्हणून डालेन यांनी 1907 मध्ये सूर्यझडप बनवली. तिच्यात धातूचे चार दांडे असतात. एक काळा आणि तीन सोन्याचा मुलामा दिलेले, चकचकीत. (‘मुलामा’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे.) काळी वस्तू प्रकाश शोषून घेते, चकचकीत वस्तू तो परतवून लावते. म्हणून दिवस उजाडला की काळा दांडा इतरांपेक्षा किंचित जास्त तापतो आणि किंचित जास्त लांब होतो. तेवढ्या लांबीने तो गॅसची वाट बंद करतो. अंधार पडला की तो आखडतो आणि वाट मोकळी होते. कोणी विचारील, उन्हाळ्यात हवा तापली तर? हवेने चारही दांडे सारखेच तापतात, सारखेच वाढतात. त्यामुळे झडप फसत नाही. आता एकदा भरलेल्या गॅसवर बोया महिनोन्महिने माणसाशिवाय चालू लागला.

1912 साली गॅसच्या नळकांड्यांची सुरक्षितता तपासत असताना स्फोट झाला. डालेन गंभीर जखमी झाले आणि त्यांची दृष्टी कायमची गेली. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले. ते घ्यायला त्यांचे भाऊ आल्बिन गेले. आल्बिन हे डोळ्यांचे डॉक्टर होते. डालेन तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. ते घरी बसले नाहीत. 1937 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आपली कंपनी चालवत राहिले आणि नवनवीन वस्तू शोधत राहिले. आजही काही देशांत वापरली जाणारी आगा नावाची शेगडी त्यांनी 1922 मध्ये, दृष्टी गेल्यानंतर बनवली.

आता बोयांवर गॅस जळत नाही, पण उघडझापीची भाषा राहिली आहे. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत नेमके उलटे! खडकाजवळच्या काळ्या-पिवळ्या बोयांची खूण तर घड्याळासारखी आहे. खडकाच्या पूर्वेला असलेला बोया तीन वेळा चमकून थांबतो, दक्षिणेचा सहा वेळा चमकून वर एक लांब चमक देतो, पश्चिमेचा नऊ वेळा आणि उत्तरेचा न थांबता भराभर चमकत राहतो. बोया ज्या दिशेचा, त्याच दिशेने होडी न्यायची; खडक त्याच्या पलीकडे असतो.

समजा, तुम्ही रात्री होडीच्या सुकाणूवर बसला आहात. समोर पांढरा दिवा चमकतो. तुम्ही मोजता: नऊ. मग अंधार. पुन्हा नऊ. खडक तुमच्या बोयाच्या कोणत्या बाजूला आहे? वहीत आकृती काढा आणि होडीची वाट बाणाने दाखवा.