वेटिंग रूमचे डिझाइन आणि एआर : नव्या वाटेचे करिअर

‘मुलगी म्हणते एआर-व्हीआर शिकायचंय. पुढे नोकरीचं काय?’ बारावीच्या निकालाची वाट न पाहताच पालक आता हा प्रश्न विचारू लागले आहेत. त्याचे सरळ उत्तर असे की, नुसते सॉफ्टवेअर येणाऱ्याचे कौशल्य लवकर जुने होते. सोबत एखाद्या क्षेत्राची जाण असली, की तेच कौशल्य टिकते. रुग्णालयांची रचना हे असेच एक क्षेत्र. त्यातही सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे वेटिंग रूम.

काम नेमके काय असते?

एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीत, फोन किंवा टॅबलेटच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेत संगणकाने काढलेल्या वस्तू मांडता येतात. ‘पोकेमॉन गो’मुळे 2016 मध्ये ती सर्वांना ठाऊक झाली. पुढच्याच वर्षी आयकिया या फर्निचर कंपनीने सोफा विकत घेण्याआधी आपल्याच घरात ठेवून पाहण्याची सोय ॲपवर दिली. व्हीआरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीत, सगळी जागाच आभासी असते. त्यामुळे चालू रुग्णालयात फेरबदल करायचे असतील, तर एआर जास्त सोयीची पडते.

समजा, दुपारी ओपीडी संपली आहे. डिझायनर टॅबलेट घेऊन रिकाम्या हॉलमध्ये उभा आहे. खुर्च्यांची नवी रांग, केस पेपरची खिडकी, टोकनचा स्क्रीन असे सगळे पडद्यावर खऱ्या मापात दिसते आहे. कागदावर बिनचूक वाटलेला स्क्रीन तिसऱ्या रांगेतून खांबाआड जातो, हे तिथे बसून पाहिल्यावरच कळते. ‘इथून स्ट्रेचर वळणार नाही,’ सिस्टर सांगतात. व्हीलचेअर फिरवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तेवढे वर्तुळ पडद्यावर जमिनीवर उमटवले, की कोणती खुर्ची हलवायची ते कुणालाही दिसते. आर्किटेक्टचा नकाशा न वाचता येणाऱ्या मावशी आणि वॉर्डबॉयही मत देऊ शकतात. भिंत फोडण्याआधी चूक सापडली, तर खर्चही वाचतो.

सॉफ्टवेअरला न दिसणारे

उकाडा, खोकल्याचा आवाज, ‘आपला नंबर गेला तर?’ ही धास्ती एआर दाखवत नाही. डॉक्टरांच्या दाराशी गर्दी का होते? पुकारा हॉलमध्ये ऐकू येत नाही म्हणून. अशा ठिकाणी खुर्च्या कितीही वाढवल्या, तरी लोक उभेच राहणार. किती वेळ लागेल हे माहीत नसले, की थांबणे अधिक लांबल्यासारखे वाटते, असे डेव्हिड माइस्टर यांनी 1985 मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना मांडले होते. त्याच्या आदल्या वर्षी रॉजर उलरिख यांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते. माणसांच्या अशा निरीक्षणातून कोणती वस्तू कुठे मांडायची ते ठरते. एआर ती फक्त दाखवते.

वाटा कोणत्या?

‘वेटिंग रूम डिझायनर’ अशी पदवी शोधत बसू नका. मुख्य रस्ते तीन आहेत.

• आर्किटेक्चर : पाच वर्षांचे बी.आर्क. प्रवेशासाठी नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. बारावीला गणित हवे.
• डिझाइन : चार वर्षांचे बी.डेस. आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही परीक्षा कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी असते.
• संगणक : पदवीसोबत युनिटी व ब्लेंडर ही सॉफ्टवेअर आणि सी-शार्प ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकून एआर ॲप तयार करण्याची बाजू सांभाळता येते.

दोन वाटांची सांगड घातली, तर उत्तमच. बी.आर्क. करताना युनिटी शिकलेली मुलगी किंवा संगणकाच्या पदवीनंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस.कडे वळलेला मुलगा दोन्ही बाजूंची भाषा बोलू शकतो.

आजच काय करता येईल?

जवळच्या दवाखान्यात परवानगी काढून तासभर बसा. रुग्णांचे फोटो काढू नका, त्यांची नावे लिहू नका. कोण कुठे उभे राहते, कुणाला काय विचारावे लागते, म्हाताऱ्या माणसांना कुठे आधार लागतो, हे टिपा. टेपने जागा मोजा, आराखडा काढा आणि एकच बदल सुचवा. मग तो मोफत मिळणाऱ्या ब्लेंडरमध्ये उभा करा. पोर्टफोलिओचे पहिले पान इथेच तयार होते.

पालकांसाठी

सहा महिन्यांत ‘एआर तज्ज्ञ’ करणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी, तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेले काम मागून पाहा. दाखवायला काही नसेल, तर परत फिरा. शिवाय केवळ वेटिंग रूमवर पोट भरेल असे नाही. सुरुवातीची नोकरी बहुधा आर्किटेक्टच्या ऑफिसात, इंटिरियर फर्ममध्ये किंवा सॉफ्टवेअर कंपनीत मिळेल, आणि रुग्णालयांची कामे अनुभवाने येतील. उपकरणे तर बदलतच राहतात. मायक्रोसॉफ्टने गाजावाजा करून आणलेल्या होलोलेन्स या एआर हेडसेटचे उत्पादन 2024 मध्ये थांबवले. म्हणून पदवी पक्क्या विषयाची निवडावी आणि एआर तिच्या जोडीला ठेवावी.