रिलीव्हर आला नाही

कंपनीत चोरी झाली की पहिला जाब गेटवरच्या पोराला. तो किती तास उभा होता, हे कुणी विचारत नाही. पुण्या-मुंबईकडच्या कारखान्यांची आणि आयटी कंपन्यांची सुरक्षा सांभाळण्यात माझी उमर गेली. आता बिलोलीला आलो की नर्सी फाट्यावर पुण्याच्या गाडीची वाट पाहणारी पोरं भेटतात. "काका, सिक्युरिटीत लागतोय," म्हणतात.

लागा. पण डबल ड्युटीपासून सांभाळा. "रिलीव्हर आला नाही, थांब," एवढं सुपरवायझर म्हणतो आणि बारा तासांचे चोवीस होतात. पोरगंही खूश, जादा हजेरी पडते. पहाटे तीनला डोळे उघडे ठेवून झोपलेला माणूस कुणाला अडवणार? मी पाहिलेल्या बहुतेक चोऱ्यांत कुलूप फुटलेलं नव्हतं. भंगाराच्या ट्रकमध्ये खाली तांब्याची केबल असायची, गेटपासवर रीतसर सही असायची, आणि गाडी उतरवून बघायचं त्राण गेटवर कुणात नसायचं. ही वेळ आतल्या माणसाला बरोबर ठाऊक असते. पुढे सही करणारा सुटतो, रखवालदाराची नोकरी जाते. कॅमेऱ्यांवर लाखो ओतणाऱ्या कंपन्या माणसांचं कंत्राट मात्र सगळ्यात स्वस्त दराला देतात. मालकांच्या बैठकांत हे बोललो की चहा येई, विषय बदले.

निघण्याआधी एजन्सीचा परवाना बघा. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानं तो कार्यालयात दिसेल असा लावावा लागतो. त्या कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत नव्या रखवालदाराला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलंय. सकाळी गणवेश देऊन संध्याकाळी गेटवर उभं करणारा भेटला तर परत फिरा. गणवेशाचे पैसे पगारातून किती कापणार, पीएफ भरणार का, ओव्हरटाइम दुपटीनं मिळणार का, हेही आधीच विचारा; एकदा उभे राहिलात की कुणी उत्तर देत नाही. सुरक्षा रक्षक मंडळ आणि राज्य सुरक्षा महामंडळाची भरती निघते, तिच्यावरही नजर ठेवा.

चारित्र्य पडताळणी मागितली तर अपमान मानू नका. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीत, रविवारी ऑफिसात एकटी काम करणाऱ्या तरुणीचा खून झाला आणि तिथलाच रखवालदार पकडला गेला. तेव्हापासून आपल्याकडे संशयानं बघतात, आणि बघावंच. तुमच्या भरवशावर कुणाची तरी लेक रात्री काम करत असते.

आणि रिलीव्हर आला नाही, तर पॉइंट सोडून जाऊ नका, पण गपही बसू नका. ड्युटी रजिस्टरात वेळ टाकून लिहा: रिलीव्हर आला नाही, अमक्या सुपरवायझरला कळवलं. त्यालाही मेसेज टाका. "असलं लिहायचं नसतं," असं तो म्हणेल. तरी लिहा, बॉलपेननं.